किल्ली फिरवली, पुढे काय? : जुन्या स्पोर्ट्स कारच्या सेल्फची गोष्ट

(न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

रविवारची दुपार, बाहेर छान ऊन, आणि तुम्ही गाडी चालू का होत नाही हे ऐकायला आलात. म्हणजे तुमच्यापैकी बऱ्याच जणांची गाडी कधी ना कधी बंद पडलेली असणार, असं मी धरून चालतो.

आजचं उदाहरण माझ्याच गाडीचं आहे. १९९१ ची माझदा मियाटा. दोन सीट, पाच गिअर, उघडं छप्पर. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आलं. साठच्या दशकातल्या ब्रिटिश रोडस्टर गाड्यांची मजा द्यायची, पण त्यांच्यासारखं दर रविवारी बॉनेट उघडायला लावायचं नाही, ही त्यामागची कल्पना. हिरोशिमात बनणाऱ्या या गाडीची दहा लाखावी प्रत २०१६ साली बाहेर पडली. पण कितीही भरवशाची झाली तरी तीस वर्षांची गाडी ती तीस वर्षांची गाडी. तारा कडक होतात, रबर तडकतं, आणि आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते कुठे कुठे जाऊन बसतं याची कल्पनाच करू नका.

तर झालं असं. सकाळी थंड असताना माझी गाडी मस्त चालू व्हायची. पण एकदा तासभर फिरून गॅस स्टेशनवर थांबलो की संपलं. आपल्या न्यू जर्सीत पेट्रोल आपण भरायचं नाही, माणूस येऊन भरतो. तो भरणार, मी किल्ली फिरवणार, आणि आवाज येणार ‘टक्’. कधी टक् होऊन इंजिन अर्धा वळसा रडतखडत घेणार आणि थांबणार. मागे रांग, हॉर्न, आणि शेजारच्या सीटवर बायको पुढच्या काचेतून कुठेतरी लांब बघत बसलेली.

मी काय केलं? जे सगळे करतात तेच. बॅटरी बदलली. या गाडीची बॅटरी डिकीत असते, तिला बाहेर हवा नेणारी नळी लागते, त्यामुळे ती नेहमीच्या बॅटरीपेक्षा महाग. फरक शून्य. मग एका गॅरेजवाल्याने सांगितलं की स्टार्टर गेलाय. तो बदलला. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली, हात जेमतेम पोचेल अशा जागी तो असतो, म्हणजे मजुरी आलीच. आठवडाभर बरं चाललं, पुन्हा टक्. दोष शेवटी सापडला तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणाऱ्या एका अर्थिंगच्या पट्टीत. ती पट्टी दोघांच्या जेवणाच्या पैशांत आली. आधी घातलेले पैसे मात्र परत आले नाहीत.

आज सांगायचंय ते हेच. सुटे भाग बदलत सुटणं म्हणजे निदान नव्हे. डॉक्टर आधी नाडी बघतो, मग औषध देतो. आपणही आधी ऐकायचं, मग मोजायचं, आणि पाना सगळ्यात शेवटी उचलायचा.

सेल्फ म्हणजे नक्की काय

आपण सहज म्हणतो, ‘सेल्फ लागत नाही’. हा शब्द सेल्फ-स्टार्टरमधला. त्याआधी हँडल मारावं लागायचं. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर आला आणि ड्रायव्हरची हँडल मारण्यातून सुटका झाली.

यात दोन वाटा आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

पहिली वाट बारीक तारेची. किल्ली फिरवली की इग्निशन स्विचमधून थोडा करंट निघतो. अमेरिकेत विकलेल्या मॅन्युअल मियाटामध्ये तो क्लचच्या पेडलजवळच्या स्विचमधून जातो. क्लच पूर्ण दाबला असेल तरच पुढे, नाहीतर नाही. तिथून तो स्टार्टरच्या डोक्यावर बसलेल्या सोलेनॉइडला पोचतो.

दुसरी वाट जाड केबलची. सोलेनॉइड ओढला गेला की दोन कामं होतात. एक, छोटं दातेरी चाक पुढे सरकून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतं. दोन, आतले तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर करंट मोटरमध्ये शिरतो. तो इंजिनच्या धातूतून, अर्थिंगच्या पट्टीतून, बॉडीतून परत बॅटरीच्या ऋण टोकाला येतो. हा परतीचा रस्ता लोक विसरतात. मीही विसरलो होतो.

आधी ऐका

किल्ली फिरवल्यावर साधारण चार गोष्टी होऊ शकतात.

पहिली, काहीच नाही. चिडीचूप. दोष बहुतेक बारीक वाटेत असतो, किंवा बॅटरी पूर्ण मेलेली असते. डॅशबोर्डचे दिवे लागतायत का बघा. लागत असतील तर आधी क्लचच्या पेडलखाली वाका. जाड फ्लोअर मॅट पेडलखाली सरकली असेल तर पेडल शेवटपर्यंत जात नाही आणि स्विच जुळत नाही. हसू नका, या एका मॅटपायी गाड्या टो होऊन गॅरेजला गेल्या आहेत. मग फ्यूज, मग इग्निशन स्विच. आधीच्या मालकाने बाहेरून चोरीविरोधी अलार्म बसवला असेल तर तोही, कारण तो बसवताना बहुतेक वेळा हीच तार तोडून जोडलेली असते. निर्णय टेस्ट लॅम्पने करायचा. सोलेनॉइडच्या बारीक तारेवर लॅम्प लावा आणि दुसऱ्याला क्लच दाबून किल्ली फिरवायला सांगा. दिवा लखख पेटला तरी स्टार्टर गप्प, तर बहुधा सोलेनॉइड किंवा स्टार्टर दोषी. दिवा पेटलाच नाही, तर स्टार्टर बिचारा निर्दोष आहे.

दुसरी, टकटकटकटक असा भराभर आवाज. ही बहुतेक वेळा कमजोर बॅटरीची किंवा तिच्या सैल, गंजलेल्या टर्मिनलची खूण. सोलेनॉइड ओढला जातो, मोटर करंट मागते, व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढला जातो. तेच चक्र चालू राहतं.

तिसरी, एकच ठणठणीत टक्. इथे आतला दिवा लावून ठेवा आणि किल्ली फिरवताना त्याच्याकडे बघा. दिवा एकदम मंदावला तर करंट भरपूर ओढला जातोय पण काम होत नाही. म्हणजे बॅटरी दमलेली किंवा मोटर अडकलेली. दिवा जवळजवळ तसाच राहिला तर करंट मोटरपर्यंत नीट जातच नाही. सोलेनॉइडचे झिजलेले संपर्क, मोटरचे संपलेले कार्बन ब्रश, जाड केबलचा सांधा किंवा अर्थिंग, यांपैकी काहीतरी. माझ्या गाडीत दिवा फारसा मंदावत नव्हता. मी तो बघितला असता तर नवी बॅटरी घेतलीच नसती.

चौथी, इंजिन छान फिरतं पण पेटत नाही. म्हणजे सेल्फ ठीक आहे, त्याच्या मागे लागू नका. दोष पेट्रोल, ठिणगी किंवा कॉम्प्रेशनमध्ये आहे. त्याकडे नंतर येतो.

मग मोजा

साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर उभी असताना बॅटरीच्या टोकांवर मोजा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे पूर्ण भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. १२ च्या खाली म्हणजे चार्ज केल्याशिवाय पुढची कुठलीही तपासणी करू नका, निष्कर्ष चुकेल. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि परत बॅटरीवरच वाचा. साधारण हवामानात आकडा ९.६ च्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्या. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं तर अल्टरनेटर चार्ज करतोय.

आता खरी गंमत. बॅटरी चांगली, स्टार्टर नवा, तरी टक्. मी मल्टिमीटर ओहमवर लावून अर्थिंगची पट्टी मोजली होती. मीटरने दाखवलं शून्य. मी म्हटलं, पट्टी उत्तम! इथेच फसलो.

साधा हिशोब करू. समजा गंजामुळे पट्टीच्या सांध्यात ०.०२ ओहमचा अडथळा आला. ज्या मीटरचा शेवटचा आकडा ०.१ ओहमचा, त्याला ०.०२ कसा दिसणार? तो शून्यच म्हणणार. पण स्टार्टर १२० अँपिअर ओढतो. १२० गुणिले ०.०२ म्हणजे २.४ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.६ असतील तर त्यातले २.४ त्या गंजातच गेले. बाकी सांध्यांत ०.३ धरा. मोटरच्या वाट्याला उरले ७.९. थंड असताना ती कशीबशी ओढते. गरम झाल्यावर तांब्याचा अडथळा वाढतो, गरम इंजिनच्या शेजारी बसून मोटरही तापलेली असते, आणि मग टक्.

म्हणून ओहम नाही मोजायचे. करंट वाहत असताना व्होल्ट मोजायचे. मीटरची एक पिन बॅटरीच्या ऋण टोकावर, टर्मिनलच्या क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खुंटीवर. दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. बॅटरी डिकीत असल्याने लांब तार लागेल. सेल्फ मारा. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. माझा आला २.४. त्या दिवशी मला आनंद झाला की वाईट वाटलं, आजही सांगता येणार नाही. धन बाजूलाही तसंच करायचं. बॅटरीच्या धन खुंटीपासून स्टार्टरच्या जाड बोल्टपर्यंत. तिथे ०.५ पर्यंत चालतं.

मोजताना इंजिन पेटायला नको. या गाडीत सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅमशाफ्टचा कोन सांगणारा एक सेन्सर आहे. त्याचा प्लग काढला की ठिणगीही बंद, पेट्रोलची फवारणीही बंद. सेल्फ फक्त फिरत राहतो. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये त्याला थंड होऊ द्या.

एक इशारा

आता एक गोष्ट मनापासून सांगतो, आणि ती माझी चूक आहे.

स्टार्टरच्या जाड बोल्टला आणि बारीक टर्मिनलला स्क्रूड्रायव्हर आडवा लावून सेल्फ मारायची एक जुनी पद्धत आहे. गॅरेजमध्ये सर्रास करतात. मीही केली. माझा मित्र बॉनेटसमोर उभा राहून टॉर्च धरत होता. मी विसरलो होतो की उतारावर उभी करताना मी गाडी नेहमी पहिल्या गिअरमध्ये टाकतो. मॅन्युअल गाडीची ती चांगलीच सवय आहे. पण स्क्रूड्रायव्हर लावला की क्लचचा स्विच बाजूला पडतो, आणि तो स्विच तिथे नेमका कशासाठी आहे हे मला त्या क्षणी कळलं. स्टार्टरने गाडीच पुढे ढकलली. मित्राचा गुडघा आणि गॅरेजची भिंत यांत वीतभर अंतर राहिलं. तो काही बोलला नाही. टॉर्च बाकावर ठेवली आणि घरात जाऊन पाणी प्याला.

इग्निशन बंद होतं म्हणून गाडी तेवढ्यावर थांबली. चालू असतं तर इंजिन पेटलं असतं आणि गाडी भिंतीपर्यंत गेली असती. तेव्हा काहीही तपासण्याआधी गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक वर, चाकाखाली उटी, आणि गाडीसमोर कोणीही नाही. क्लचचा स्विच त्रास देतो म्हणून त्याच्या दोन तारा कायमच्या जोडून टाकणारे लोक आहेत. कृपा करून करू नका. घरात लहान मूल असेल आणि किल्ली त्याच्या हाती लागली तर काय होईल, एवढाच विचार करा.

फिरतंय, पण पेटत नाही

आता चौथा प्रकार. आधी कान द्या. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, एकसुरात भराभर फिरतंय का? तर टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. कॉम्प्रेशनच नाही, म्हणून तो हलका आवाज. हा बेल्ट साठ हजार मैलांना बदलायचा असतो. १.६ लिटरच्या या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, हे नशीब. सगळ्याच इंजिनांचं तसं नसतं.

बेल्ट ठीक असेल तर एक स्पार्क प्लग काढून बघा. ओला आणि पेट्रोलचा वास, तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही किंवा इंजिन फ्लड झालंय. कोरडा, तर पेट्रोलच पोचत नाही. ठिणगी बघायला स्वस्तातला स्पार्क टेस्टर मिळतो, तोच वापरा. तार हातात धरू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरासा हलतोय का तेही बघा. हलत असेल तर कॅमचा सेन्सर आणि इग्नायटर जिवंत असण्याची शक्यता मोठी. मेल्यासारखा पडून असेल तर तपास तिथून सुरू करा.

पेट्रोलच्या बाबतीत १.६ ची एक खोड आहे, ती ठाऊक नसेल तर चांगला पंप फेकून द्याल. बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑनवर आणली की पंप दोन सेकंद गुणगुणतो. हिच्यात तसं नाही. हवा मोजणाऱ्या डब्यात एक झडप असते. इंजिन हवा ओढू लागलं की झडप हलते, आतला छोटा स्विच जुळतो, आणि पंप चालू राहतो. सेल्फ मारताना पंपाला वीज वेगळ्या वाटेने मिळते. म्हणून ऑनवर पंप गप्प बसला तर तो मेलाय असं नाही. तपासायचं तर बॉनेटखालच्या डायग्नोस्टिक डबीत ‘एफ/पी’ आणि ‘जीएनडी’ ही टोकं एका तारेने जोडा, किल्ली ऑन करा. मागून गुणगुण आली तर पंप ठीक.

यातूनच एक सुंदर लक्षण निघतं. गाडी सेल्फवर पेटते, आणि किल्ली सोडल्या सोडल्या मरते. दर वेळी. अर्थ असा की सेल्फच्या वाटेने पंप चालतोय, पण नंतरची वाट तुटली आहे. झडपेचा स्विच बघा. झडपेपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाइप फाटलाय का बघा, कारण फाटला असेल तर हवा तिथूनच आत शिरते आणि झडप हलतच नाही. तिसरा संशयित इग्निशन स्विच, त्याचा ऑनचा संपर्क झिजलेला असतो. १९९४ पासूनच्या १.८ मध्ये ही झडप नाही, त्यामुळे ही खोडही नाही.

मॅन्युअल गाडीचा एक फायदा

शेवटी, धक्का. मॅन्युअल गाडीला धक्का स्टार्ट देता येतो, आणि मी त्याकडे एक तपासणी म्हणून बघतो. किल्ली ऑन, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडी माणूस पळेल इतक्या वेगात आली की क्लच झटकन सोडा, पेटली की लगेच परत दाबा. धक्क्याने लगेच पेटली तर पेट्रोल, ठिणगी, कॉम्प्रेशन सगळं ठीक. दोष सेल्फच्या दोन वाटांपैकी एकीत. एका धक्क्यात अर्धी यादी बाद.

दोन मर्यादा मात्र आहेत. बॅटरी ठार मेली असेल तर कॉम्प्युटर आणि पंपालाही वीज मिळत नाही, धक्के मारून दमाल. आणि इंजिन बंद असताना ब्रेक जड लागतो, तेव्हा मोकळी, सपाट जागा बघा. किल्ली काढून कधीही ढकलू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

एवढं बोलून थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्नोत्तरं

*काका, जंपर केबल लावताना शेवटची ऋण केबल बॅटरीला लावू नका म्हणतात, ते का?*

चांगलं विचारलंस. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघू शकतो. शेवटचा क्लॅम्प लावताना ठिणगी उडते. ती बॅटरीपासून लांब, इंजिनच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूवर उडावी म्हणून. आणि मियाटात बॅटरी डिकीत, बंद जागेत, त्यामुळे तिथे जास्तच जपायचं. डिकी थोडा वेळ उघडी ठेव, मग काम कर.

*माझी गाडी हिवाळ्यात तीन महिने उभी असते. वसंतात सेल्फ लागेल ना?*

ताई, बॅटरी हळूहळू उतरतेच, आणि उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की ती कायमची खराब होते. मेंटेनर नावाचा छोटा चार्जर लावून ठेवा. शक्य नसेल तर ऋण केबल काढून ठेवा. आणि वसंतात पहिल्यांदा सेल्फ मारण्याआधी मल्टिमीटर लावा.

*दोष पट्टीतच आहे हे मीटरशिवाय कळलं असतं का?*

खूण होती. परतीचा रस्ता बंद झाला की करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो. कधी ॲक्सिलरेटरची केबलही त्याच्या वाटेत येते आणि सेल्फ मारल्यावर गरम लागते. आणि सगळ्यात सोपं म्हणजे एक जंपर केबल इंजिनच्या धातूपासून थेट बॉडीच्या चांगल्या धातूला लावायची आणि सेल्फ मारायचा. लगेच जोमाने फिरला तर पट्टी पकडली. पाच मिनिटांचं काम आहे. मी सहा महिने घालवले.

*आणि तो मित्र?*

(हसून) तो आज पहिल्या रांगेत बसलाय. गाडीसमोर मात्र अजून उभा राहत नाही.